ऑरियन थिएटरच्या रिकाम्या खुर्च्या

६ ऑक्टोबर १९३१, विल्कॉट, ओहायो
आलो बाई एकदाचे! खोली लहान आहे, पण घरमालकीण प्रेमळ आहे. येताक्षणी गरम मक्याचा पाव पुढे केला. ऑरियन थिएटर पाडायच्या आधी त्याचे फोटो काढायचं काम मला मिळालंय. काय तो थाट! छतावर सोनेरी देवदूत, लाल मखमलीच्या खुर्च्या. लीलंड म्हणाला, इथं बसलं की फाटका माणूससुद्धा राजा होतो. कारखान्यातून काढल्यापासून पहिल्यांदाच हसला माझा नवरा. ते हसू टिकलं की मला आणखी काही नको.

८ ऑक्टोबर
आत उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याचं भिंग बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. हलणारा माणूस फोटोच्या काचेवर उमटत नाही. स्थिर बसेल तोच दिसतो. सभागृह केवढं आहे ते कळावं म्हणून लीलंडला मधल्या रांगेत बसवलं. बजावलं, हललास तर आज जेवण नाही. पठ्ठ्या शेवटपर्यंत हलला नाही. असा ऐकणारा नवरा कुठल्या दुकानात मिळाला, असं मॅनेजर फेनविकनी विचारलं.

९ ऑक्टोबर
काच धुतली आणि दिव्यासमोर धरली. लीलंडच्या मागच्या रांगेत माणसं बसलेली! टोप्या, जुने कोट, मांडीवर हात. तिथं आम्हा तिघांशिवाय कुणीच नव्हतं.
फेनविकचा चेहरा पडला. म्हणाले, गेल्या हिवाळ्यात काम गेलेली माणसं उबेला यायची, खेळ संपला तरी बसून राहायची. काही तर उठलीच नाहीत. मग म्हणाले, खरवडून टाका, मालकांना खुर्च्या रिकाम्या हव्यात. काचेवरचं नको ते खरवडणं आमच्या धंद्यात रोजचंच. पात्याने एकेक तोंड खरवडलं.

१२ ऑक्टोबर
नवी काच. आज लीलंड माझ्या शेजारी उभा होता. तरी काचेवर तो मधल्या रांगेत बसलाय! ती माणसं आता त्याच्या मागे नाहीत, त्याच्याच रांगेत एका बाजूला येऊन बसलीत, माना खाली घालून. त्याला दाखवलं तर म्हणाला, बरं वाटतं गं तिथं, कामाचं कुणी विचारत नाही.

१४ ऑक्टोबर
जेवताना लीलंडने चमचा तोंडाशी नेला आणि तसाच राहिला. सूप गार झालं. मी हलवलं, ओरडले, रडले. पापणीसुद्धा— हलू नको असं मीच सांगितलं होतं.

१५ ऑक्टोबर
सुचलं! त्याला काचेवरून खरवडून काढला की सुटेल. दोन्ही काचा घेतल्या. आधी खांदे, मग केस. तोंडाशी आल्यावर जिवावर आलं. तरी खरवडलं.

१५ ऑक्टोबर, दुपार
खोलीतली त्याची खुर्ची रिकामी. जिन्यात नाही, रस्त्यावर नाही— घरमालकीण म्हणते, अगं, तू एकटीच आलीस की, कसला नवरा? त्याचा कोटही नाही. देवा, काय करून बसले मी!

१६ ऑक्टोबर
थिएटरात जाऊन पुन्हा नव्या काचेवर फोटो घेतला. सगळे आहेत. सगळ्यांनी माना वर केल्यात. तोंडांच्या जागी माझ्या पात्याचे ओरखडे— लीलंडच्याही. त्याने शेजारची खुर्ची हाताने अडवून ठेवलीय.

१७ ऑक्टोबर
भिंग उघडं ठेवून आले. त्याच्या शेजारी बसलेय. दिसत नाही, पण हात धरलाय माझा. गार आहे. तोंड नसलं तरी माझाच आहे तो. आता लिहिणं थांबवायला हवं, हात हलला तर मी त्याच्याजवळ उमट—