मोनोरेलमधून दिसलेली आई

६ मे, सोमवार
आई दिसली! नव्या ऑफिसला जाताना मोनोरेल एका वळणावर इमारतींना इतकी खेटून जाते की कोणाच्या घरात काय शिजतंय तेही कळावं. तिथेच, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत — शिलाई मशीनवर वाकलेली, चष्मा कपाळावर. पण आई तर दादाकडे आहे, रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर. वर्ष होत आलं. भास असणार.

७ मे
भास नाही. आपल्या आईची पाठ ओळखू येणार नाही का मला?

९ मे
आज गाडी नेमकी वळणावरच अडकली. पुढचं स्टेशन मोकळं नव्हतं. मी फोन लावला. खिडकीतल्या बाईने मशीन थांबवलं, फोन कानाला लावला.
"अगं, दादाच्या गॅलरीत बसलेय. वहिनी चहा टाकतेय."
मी तिच्याकडे बघतेय आणि ती मला खोटं सांगतेय! आवाज जरासुद्धा अडखळला नाही. किती सराव झालाय तिला. "बरं" एवढंच म्हणाले. शेजारच्या बाई सरकून म्हणाल्या, "बसा, चेहऱ्याचा रंग उडालाय तुमच्या."

१० मे
हे दादाचंच काम! आईला घराबाहेर काढलं, वर तिला गप्प बसवलं. बाबांच्या आजारपणात आमचं वाजलं, तेव्हापासून ना बोलणं, ना जाणं-येणं. आज मीच फोन केला आणि तोंड सोडलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "चिमे, आई तुझ्याकडे आहे ना?"
तोच पुढे म्हणाला,
"काल तर म्हणाली, तुझ्या पोरीचा अभ्यास घेतेय."
म्हणजे त्याला सांगितलं माझ्याकडे, मला सांगितलं त्याच्याकडे. दोघांनाही बनवलं. सख्ख्या आईने!

११ मे
घास उतरत नाही. रोज विचारायची, "जेवलीस का?" — तेही खोटंच होतं का?

१२ मे, रविवार
दादा पहाटे आला. मोनोरेलमध्ये शेजारी बसलो, बोललो नाही. तिच्या दारात मात्र मला राहवेना — "वर्षभर फसवलंस आम्हाला!"
"फसवलं," आई म्हणाली. गळ्यात टेप, हातात कात्री. आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. "तुमच्यातल्या एकाने जरी दुसऱ्याला फोन केला असता ना, तर पहिल्याच दिवशी सापडले असते मी."