लॉटरी लागू नये म्हणून

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. उद्या कुणी विचारलं, एवढा पैसा आल्यावर तुमच्यात काय बदल झाला, तर पुरावा हवा. माझ्यात काहीही बदल होणार नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो.
तिकीट काढलं. सोडत वीस तारखेला. बक्षिसाचा आकडा पेपरात एका ओळीत मावला नाही, उरलेली शून्यं खाली घेतली आहेत.
बारीक होण्याचा संकल्पही आजपासूनच करणार होतो. पण पैसा आल्यावर चांगला ट्रेनर मिळेल. उगाच आत्ता चुकीचा व्यायाम नको.

४ मार्च, मंगळवार
मालकांनी बाथरूमच्या टाइल्सची नवी सॅम्पलं गोडाऊनमधून वर आणायला सांगितली. आणली. पण मनापासून नाही.
आमच्या शोरूममध्ये मी टाइल्स विकतो, आणि शेजारच्या काउंटरवर नळवाला. तो फक्त नळ आणि शॉवर विकतो. त्याला विचारलं, लॉटरी लागली तर काय करशील. म्हणाला, दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला येईन, फक्त मालक काही म्हणाले की 'का?' असं विचारीन. झेप नाही माणसाला.
राजीनाम्याचा मसुदा मनात तयार आहे. भाषा सौम्य ठेवली आहे.

५ मार्च, बुधवार
आईला विचारलं. म्हणाली, मोठा टीव्ही घे आणि तुझ्या बहिणीला काही कळू देऊ नकोस. लगेच बहिणीला फोन केला. ती म्हणाली, मला काही नको, आईला तुझ्याकडेच ठेव म्हणजे झालं.
पैसा नुसता येणार म्हटलं तरी माणसं कळायला लागतात.

७ मार्च, शुक्रवार
हिला विचारायचं राहिलंच होतं. ही दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला असते. संध्याकाळी घरी आली, पर्स अडकवली आणि तशीच ओट्याशी उभी राहून भाजी चिरायला लागली. विचारलं, तुला काय घेऊ?
वळली नाही. म्हणाली, "एक खोली. खिडकी असलेली. दार आतून लावता येईल अशी."
म्हटलं, अगं, बंगलाच घेऊ, सात खोल्यांचा.
म्हणाली, "बंगल्यात नको. दुसरीकडे कुठेतरी. मी एकटी."
मग म्हणाली, आईंच्या भाजीत मीठ कमी घालू का?
हिचा विनोद कोरडा असतो. मी हसलो. ही हसली नाही. कोरडा विनोद करणारे स्वतः हसत नाहीत.

८ मार्च, शनिवार
विचार केला. आमच्या घरात 'एकटी' म्हणजे 'आईंशिवाय'. नवरा त्यात धरलेलाच असतो. खुलासा झाला, बरं वाटलं.
नळवाल्याला सहज सांगितलं. त्याने विचारलं, वहिनींनी उत्तर द्यायला वेळ घेतला का? म्हटलं, छे, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर. तो म्हणाला, मग अवघड आहे. आणि शॉवर पुसायला निघून गेला.
अविवाहित माणसाशी संसाराच्या गोष्टी बोलू नयेत.

९ मार्च, रविवार
घरकामात मदत केली. सगळी भांडी घासली. हिने ती परत घासली, पण माझ्यासमोर नाही, मी आंघोळीला गेल्यावर. मन जपते.
दुपारी फिरायला नेलं. आईही आली. ती बागेतल्या बाकावर टेकली तेवढ्यात हिला पुन्हा विचारलं, खोलीत काय काय ठेवशील? म्हणाली, "टेबल. एक खुर्ची."
एकच?
"दुसरी ठेवली की कुणीतरी येऊन बसतं."
हे आईला उद्देशून असणार. आईला ऐकू कमी येतं ते बरं.

१२ मार्च, बुधवार
आज एक गोष्ट ध्यानात आली आणि हातातली टाइल सुटली. पगारातून कापणार आहेत.
लॉटरी लागली, तर मी हिला जे हवं ते घेऊन देईन असा शब्द दिला आहे. आणि हिने जे मागितलं ते असं आहे. मी शब्दाचा पक्का. म्हणजे लागली की ही गेली.
तिकीट नळवाल्याला फुकट देऊ केलं. तो नको म्हणाला. दुसऱ्याच्या बायकोची लॉटरी मला नको, म्हणाला. हे मालकांनी ऐकलं, ते म्हणाले मी घेतो. पण मालकांना लागली तर? जन्मभर त्यांच्या नव्या गाडीसमोर उभं राहून टाइल्स विकायच्या? धड ठेववत नाही, धड देववत नाही. खिशात निखारा घेऊन फिरतो आहे.

१५ मार्च, शनिवार
तोडगा सापडला. खोलीच हवी ना? घरातच देऊ.
मागची बाल्कनी मोकळी केली. त्यात माझी व्यायामाची सायकल होती (अजून वेष्टनात), ती पलंगाखाली जाईना म्हणून पलंगावर ठेवली. शोरूममधून नापास झालेल्या निळ्या टाइल्स आणून भिंतीला टेकवल्या. पडदा लावला. हिला डोळे मिटायला लावून आत नेलं.
ही बसली. मी सगळ्यांना ताकीद दिली, कुणी त्रास द्यायचा नाही. मग आईला चष्मा सापडेना. मला पडद्यासाठी घेतलेला स्क्रूड्रायव्हर जागेवर ठेवायचा होता, पण जागा कुठली ते फक्त हिला ठाऊक. मग मी एकदाच विचारलं की कसं वाटतंय. त्यानंतर चहा हवा का म्हणून एकदा.
ही बाहेर आली आणि कपडे वाळत घालायला लागली. बाल्कनीतच.
कष्टाचं चीज होत नाही.

१७ मार्च, सोमवार
ही उशिरा आली. वाटेत काहीतरी बघायला थांबले होते, म्हणाली. काय ते मी विचारलं नाही. विश्वास हा संसाराचा पाया असतो. शिवाय विचारलं असतं तर हिने सांगितलं असतं.

१९ मार्च, बुधवार
हॉस्टेलवरून मुलीचा फोन. हिच्याशी बरंच बोलली. मला दिला तेव्हा म्हणाली, बाबा, तब्येतीला जपा. एवढ्या हळू आवाजात ती कधी बोलत नाही. अभ्यासाचा ताण असणार.
देवाला सांगून ठेवलं: मी काही मागत नाही. उलट देऊ नकोस एवढंच. इतकी निःस्वार्थ प्रार्थना त्याच्याकडे क्वचितच जात असेल.

२० मार्च, गुरुवार
सोडत टीव्हीवर. मी आणि आई समोर. पहिला आकडा जुळला. दुसरा जुळला. ही हात पुसत येऊन मागे उभी राहिली. मी तिकीट छातीशी धरलं होतं, हिला दिसू नये म्हणून.
तिसरा चुकला. चौथाही. पुढचे सगळेच.
असा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. आईला मिठी मारली. ती म्हणाली, लागली का? म्हटलं, नाही लागली, गेली.
हिच्याकडे वळून म्हटलं, गेली बरं का. ही म्हणाली, "बरं झालं." म्हणजे हिलाही मनातून तेच हवं होतं. डोळे भरून आले.
मग ही शेजारी बसली. टीव्हीचा आवाज कमी केला. म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी विचारलंत, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. मला स्वतःलाच नवल वाटलं. मग म्हटलं, बघू तरी, याला लागतं किती. फार लागत नाही हो. माझ्या पगारात बसतं. क्लिनिकच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर आहे. मी आगाऊ भाडं देऊन आलेय. लॉटरीची काही गरजच नव्हती."
मी म्हटलं, पण लागली नाही ना. हे मी दोनदा म्हटलं.
आई म्हणाली, आवाज वाढव.

२२ मार्च, शनिवार
हिला विचारलं, माझं चुकलं काय? पितो का? मारतो का? ही बराच वेळ विचार करत राहिली. मला वाटलं, काही सापडत नाही. मग म्हणाली, "तुम्ही वाईट नाही. तुम्ही सतत असता."
जाऊन बाल्कनीत बसलो. मग तिथूनच ओरडून विचारलं, की मी आता नाहीये, बरं वाटतंय का?
बहिणीचा फोन. तिचा प्रश्न एकच, आईचं कोण बघणार. म्हटलं, मी. बोलून गेल्यावर अर्थ लक्षात आला.

३० मार्च, रविवार
हिचं सामान पोचवलं. गादी मीच खांद्यावर नेली. जिना अरुंद आहे, वळणावर मी आणि गादी दोघं अडकलो, हिने खालून ढकललं. खोली छोटी आहे. ऊन छान येतं. बाथरूमच्या टाइल्स साफ चुकीच्या बसवल्या आहेत, पण मी बोललो नाही. ही खिडकी उघडून उभी होती, पाठमोरी. लग्नाआधी पहिल्यांदा पाहिली तेव्हा अशीच उभी होती का, आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही.
निघताना विचारलं, येत जाऊ ना? म्हणाली, या की, फक्त आधी फोन करा. मी मान्य केलं. म्हणजे निर्णय दोघांचा आहे.
घरी आलो. आईने विचारलं, रात्री जेवायला काय. हिला फोन लावला. बंद होता. म्हटलं, बॅटरी संपली असेल. आई म्हणाली, हो हो, तसंच असेल, घरात ब्रेड आहे का ते बघ.
ब्रेड नव्हता.