काट्यावर कोणीही थांबलेले नाही

१ डिसेंबर १९९७, सोमवार
आजपासून रोज लिहायचे. तक्रार नाही, फक्त नोंद.

यंदाच्या हंगामापासून आमच्या कारखान्याच्या काट्यावर कॉम्प्युटर आहे. उसाची गाडी काट्यावर चढते, काटा क्लार्क गोरक्षनाथ शेतकऱ्याचा नंबर टाइप करतो, वजनाची पावती छापून येते. यायला वेळ लागतो. आज गाड्यांची रांग कँटीनपर्यंत.

चेअरमन भिमाजी अण्णांनी केबिनमध्ये बोलावले. म्हणाले, साळवे, वर्ष संपायच्या आत पावती झटपट निघाली तर ठीक, नाहीतर काट्यावर पुन्हा पेन आणि तुम्ही पुन्हा शेतकी खात्यात. मी म्हटले, वर्ष कशाला, पंधरवडा पुष्कळ झाला.

बाहेर आल्यावर स्वतःला विचारले: हा गर्व तर नव्हे? नीट तपासले. नव्हे. मी बी.एस्सी. आहे आणि कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख आहे. विभागात मी एकटाच आहे, ही वेगळी गोष्ट.

संकल्प: अंदाजाने काही करायचे नाही. आधी मोजायचे.

२ डिसेंबर
काट्याची सगळी माहिती ज्यात साठते, त्या डेटाबेसचे जाडजूड पुस्तक उघडले. कमाल आहे. डेटाबेस कशासाठी थांबला याचा हिशोब तो स्वतःच ठेवतो. डिस्कवरून माहिती यायची वाट, डिस्कवर लिहून व्हायची वाट, सगळे वेगवेगळे. याला वेट इव्हेंट म्हणतात; वेट म्हणजे वजन नव्हे, वाट पाहणे. किती वेळा थांबला आणि किती वेळ थांबला, दोन्ही. माणसे इतकी प्रामाणिक असती तर कारखाने कुठच्या कुठे गेले असते.

एक वेट मात्र धरायचा नसतो. समोरचा माणूस काही टाइप करील म्हणून डेटाबेस नुसता बसून असतो, तो. पुस्तक म्हणते, हा रिकामा वेट, याकडे दुर्लक्ष करा.

३ डिसेंबर
आकडे काढले. थांबल्याचा वेळ: शून्य. डिस्क वाचणे शून्य, लिहिणे शून्य, खालपर्यंत शून्यच. खोटेपणा नको म्हणून पुन्हा काढले. शून्य.

निष्कर्ष: आमचा डेटाबेस थांबतच नाही. दोष गाड्यांचा असावा. सुवाच्य अक्षरात अहवाल लिहून अण्णांना दिला. शीर्षक: काट्यावर कोणीही थांबलेले नाही.

४ डिसेंबर
रांग म्हसोबाच्या देवळापर्यंत. अण्णांनी जीपमध्ये घालून रांग दाखवायला नेले. मी अहवाल सोबत घेतला होता. त्यांनी कागदाकडे पाहिले, रांगेकडे पाहिले, आणि मला विचारले, जेवलात का. अक्षराची मात्र तारीफ केली.

६ डिसेंबर
वेळ मोजण्याची सोय मुळात बंदच असते, ती आपण चालू करायची असते, असे पुस्तकाच्या मागच्या भागात निघाले. म्हणजे मी किल्ली न दिलेले घड्याळ वाचत होतो.

अहवाल मागे घ्यावा का? खूप विचार केला. त्यातला एकही आकडा मी मनाने लिहिलेला नाही. शून्य दिसले, शून्य लिहिले. मागे घेत नाही. सोय चालू केली.

८ डिसेंबर, सायंकाळी
आकडे आले. डिस्कची वाट भरपूर. फार आनंद झाला. रोग सापडला की अर्धे औषध झालेच.

घरी जायला उशीर. बायको, जयमाला, ताट झाकून बसलेली. भाकरी वातड झाली म्हणाली. तिला सगळे समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "आन् मी तुमची वाट बघते, ते धरता का त्यात?" मी म्हटले, तो रिकामा वेट, तो धरायचा नसतो. ती बरं म्हणाली. तिला विषय चांगला कळला असे वाटते.

१० डिसेंबर
चिंताजनक. सकाळी मोठा आकडा, दुपारी त्याहून मोठा, संध्याकाळी त्याहून. एकदाही कमी नाही. तासा-दोन तासांत प्रकृती ढासळते आहे. कदाचित मी पाहतो म्हणून वाढत असेल? हा विचार अशास्त्रीय. सोडला.

११ डिसेंबर
उलगडा झाला. हे आकडे डेटाबेस चालू केल्यापासूनची बेरीज असतात. मग उपाय उघडच आहे. अकरा वाजता डेटाबेस बंद करून पुन्हा चालू केला. सगळे शून्य.

काट्यावरून गोरक्षनाथाचा इंटरकॉम. स्क्रीन गेला, गाडी काट्यावरच आहे, मागचे लोक शिव्या देतायत. त्याला म्हटले, अभिनंदन, वेट शून्यावर आलाय.

ही फसवणूक आहे का? प्रामाणिकपणे विचारले. सकाळी अंघोळ करणारा माणूस कालचा मळ लपवत नसतो. फसवणूक नाही.

१३ डिसेंबर
आता दिवसातून तीनदा अंघोळ. सकाळी, जेवणानंतर, चार वाजता. चमत्कारिक गोष्ट: चालू केल्या केल्या डिस्कची वाट उलट जास्तच. पुस्तक म्हणते, नव्याने चालू केल्यावर मेमरी रिकामी असते, सगळे डिस्कवरून आणावे लागते. तसे झाले की लगेच पुन्हा चालू करतो.

रांग कॅनॉलच्या पुलापर्यंत.

१७ डिसेंबर
माझी चूक लक्षात आली. मी कमी मोजत होतो. दिवसातून चार वेळा आकडे बघून काय कळणार?

नवा प्रोग्राम लिहिला. प्रत्येक पावतीच्या आधी आणि नंतर तो सगळे आकडे वाचून डिस्कवर साठवतो. सारा इतिहास जपला जातो. आता कोणताही वेट माझ्या नजरेतून सुटणार नाही. शिवाय अंघोळीची गरज नाही, कारण आधीचा आकडा नंतरच्यातून वजा करता येतो. हे मला आधी का सुचले नाही, हे मनाला विचारले. मग प्रोग्राम चालू केला.

१८ डिसेंबर
गोरक्षनाथ म्हणतो, आधी पावती येईस्तोवर तंबाखू मळून व्हायची, आता चहा पिऊन कप धुऊन होतो. त्याची भाषा मोजमापाची नाही. तरी नोंदवले.

कँटीनवाल्याने स्टोव्ह रांगेत नेला आहे.

२० डिसेंबर
विचार केला, वेट फक्त डेटाबेसचेच का? रांगेतही वेट इव्हेंट असणारच. स्वतः जाऊन प्रत्येक गाडीवानाला कशासाठी थांबलात ते विचारायचे ठरवले. गाडी पुढे सरकायच्या आत उत्तर हवे, म्हणून उत्तर येईपर्यंत गाडी थांबवून धरायची.

बहुतेकांची उत्तरे लिहिण्यासारखी नाहीत. पाथर्डीकडची ऊसतोड करणारी लंकाबाई तेवढी नीट बोलली. गाडीत नवरा उसावरच झोपला होता.

विचारले, बाई, कशासाठी थांबलात?

"तुमी थांबवलं म्हणून."

त्याआधी कशासाठी थांबला होतात, असे विचारल्यावर ती म्हणाली, "त्याच्या आधीबी तुमच्याचसाटी म्हन्त्यात, साहेब. ऊस वाळून चाललाय. वाळला की वजन घटतं. आमी तोडला ओला, काट्यावर चढनार चिपाड."

मागून कोणीतरी म्हणाले, साहेबांना चिपाडबी लिहून घ्यायला सांग. सगळे हसले. मी लिहून घेतले.

मन थोडे खट्टू झाले. पण भावनेच्या भरात मोजमाप सोडणे बरोबर नाही.

२३ डिसेंबर
ज्या कंपनीने डेटाबेस बसवला, तिच्या पुण्याच्या इंजिनिअरला एसटीडी लावला. त्याने फोनवरच काही आकडे वाचायला लावले. मग म्हणाला, साहेब, डिस्कचा सगळ्यांत जास्त वापर एकच प्रोग्राम करतोय. तुमचा, मोजण्याचा.

मी म्हटले, म्हणजे तो चांगले काम करतोय.

मला वाटले लाइन तुटली. मग म्हणाला, बंद करा तो. मी म्हटले, बंद केला तर बंद करून फायदा झाला की नाही हे मोजणार कसे? या वेळी लाइन खरोखर तुटली होती.

तरुण मुलगा आहे. अनुभव येईल.

२६ डिसेंबर, शुक्रवार
आज जयमालाच्या बहिणीकडे सोनईला जायचे होते, भाचीचा साखरपुडा. तीनची एसटी. मी निघणारच होतो, पण डिस्कचा एक सुंदर आलेख तयार होत होता. स्टँडवर पोहोचलो तेव्हा गाडी गेलेली. चौकशी खिडकीवर जयमालाचा निरोप: मी थांबले होते, आता जाते. किती वेळ थांबली ते निरोपात नव्हते.

शनिवारी दिवसभर घरी पडून राहायचे ठरवले आहे. तब्येत ठीक नाही. जवळ फक्त पुस्तक.

२९ डिसेंबर, सोमवार
विश्वास बसत नाही.

डिस्क वाचण्याची वाट: जवळजवळ नाही. लिहिण्याची वाट: नाही. शुक्रवारचे शेवटचे आकडे वजा करून पाहिले, शनिवारपासून सगळे असेच. वेळ मोजण्याची सोय चालू आहे ना, हे तीनदा पाहिले. चालू आहे. खिडकीतून पाहिले तर रांगही कँटीनच्या अलीकडे.

कारण काय असावे? शुक्रवारी मी पंख्याचे तोंड सर्व्हरकडे केले होते. तेच.

यश डोक्यात जाऊ नये म्हणून पाच मिनिटे शांत बसलो. नंतर अण्णांना नवा अहवाल लिहिला. शीर्षक तेच ठेवले, कारण आता ते खरे आहे.

३० डिसेंबर
अहवाल दिला. अण्णा म्हणाले, वाचतो. पुन्हा अक्षराची तारीफ. आलेख मोठ्या कागदावर रंगवला. उद्या काट्यावर भिंतीला लावणार. गोरक्षनाथालाही श्रेय द्यायचे ठरवले आहे, थोडे.

इंजिनिअरला फोन करून नम्रपणे सांगावे का? नको. लहान मनाचे दिसेल. जानेवारीत करू.

३१ डिसेंबर, बुधवार
सकाळी आलेख घेऊन काट्यावर गेलो. कॉम्प्युटरच्या टर्मिनलवर गोरक्षनाथाने टॉवेल वाळत घातला होता. तो पावत्या पेनने लिहीत होता. मध्ये कार्बन. पेन टेबलाला सुतळीने बांधलेले.

विचारले, कधीपासून? म्हणाला, शनिवारपासून, अण्णांचाच हुकूम. मला का नाही सांगितले, विचारल्यावर म्हणाला, तुम्ही कामात होता.

तेवढ्यात लंकाबाईची गाडी काट्यावर चढली. बैल पुरते थांबायच्या आत पावती तिच्या हातात. मला पाहून तिने कासरा ओढला आणि म्हणाली, "इचारा की साहेब. आज मी कशाचीच वाट बघत न्हाई." मग बैल हाकले. गाडी उतरून गेली. ऊस हिरवा होता.

आलेख गुंडाळून परत आणला.

दुपारी अण्णांनी बोलावले. समोर माझे दोन्ही अहवाल. म्हणाले, कॉम्प्युटरसाठी कोणी थांबलेले नाही हे तुम्हीच दोनदा लेखी दिलंय, मग तो काट्यावर कशाला? ऑफिसात पत्रे टाइप करायला आणतो. मी म्हटले, आणि मी शेतकी खात्यात? ते म्हणाले, नाही हो, तुमचे अक्षर इतके चांगले, शेतात कशाला वाया घालवायचे. उद्यापासून काट्यावर, दुसऱ्या पाळीला. पावत्या लिहायला.

सायंकाळी सर्व्हर बंद करण्याआधी शेवटचे आकडे काढले. माझ्याशिवाय एकच जण जोडलेला: काट्यावरचे टर्मिनल, टॉवेलाखालचे. शनिवारपासून त्याचा एकच वेट चालू आहे. समोरचा माणूस काही टाइप करील म्हणून डेटाबेस थांबलेला.

हा वेट धरायचा नसतो. आज धरला. बाकी सगळ्यांची बेरीज केली तरी तो मोठा निघाला.

जयमालाची सोनईहून येणारी एसटी साडेसहाला. अजून अवकाश आहे. आत्ताच निघतो.