वहिनी हसली आणि निखिलनं टीव्ही बंद केला

मंगळवार, चेरीताल

अजून अंगाची आग होऊन राहिली आहे. दादा गेल्यापासून वहिनी हसलीच नव्हती. सिहोऱ्याहून तिला हट्टानं इथे आणलं, तरी नुसती खिडकीशी बसून राहायची. आज संध्याकाळी सहज टीव्ही लावला, तर प्राचीन रोममधली एक चावट विनोदी मालिका लागलेली. जाडा सरदार शेजाऱ्याच्या बायकोच्या पलंगाखाली लपलेला, त्याच्या पांढऱ्या वस्त्राचं टोक बाहेर, आणि नवरा नेमका त्यावरच पाय देऊन उभा! सरदार पळाला, वस्त्र तिथंच राहिलं. वहिनी आधी पदराआड हसली, मग पोट धरून.

तेवढ्यात आमचे चिरंजीव ऑफिसातून आले. "आई, ये क्या देख रही हो? मामीसमोर? शोभते का?" आणि टीव्ही बंद. चोरी पकडल्यासारखा वहिनीचा चेहरा उतरला. उठून आत गेली बिचारी.

काहून शोभत नाही? नवरा गेला म्हणून बाईनं फक्त भजनं ऐकायची? एका वस्त्रावर हसली, एवढंच ना! दादा असता तर तोच सगळ्यात मोठ्यानं हसला असता.

मी रिमोट हिसकावला. म्हटलं, "निखिल, मामीला घेऊन ये. आणि तूही बस."

"राहू द्या ना ताई," म्हणत वहिनी आली. निखिलला आम्ही मध्ये बसवलं. पुढचा प्रसंग तर आणखीच चावट निघाला. पोराचे कान लालबुंद, नजर छताकडे. वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं आणि रोम सोडून त्यालाच हसत सुटली.