दुपट्ट्याखाली दिलेला शब्द

प्रिय गुणवंता,

बाजारातली गोष्ट आधी माझ्या कानावर यायची आणि दुपारच्या चहाला मी ती तुझ्यापुढे मांडायचो, हा आपला जुना रिवाज. काल संत्रा मार्केटात तुझी शोकसभा झाली. तिथे जे घडलं ते तुला माझ्याकडूनच कळायला पाहिजे. आपण इतकी वर्षं झाकून ठेवलेलं ते काल उघडं झालं, गा. म्हणून लिहायला बसलो.

तुझी खुर्ची अजून माझ्या आडतीत आहे. निवडणूक हरल्यावर रोज दुपारी तू तिच्यात येऊन बसायचास, संत्रं सोलायचास आणि साली माझ्या गादीवर टाकायचास. आता कोणी गिऱ्हाईक तिच्यावर टेकायला गेलं की मी म्हणतो, "तिथं नका बसू, पाय मोडका आहे." चारही पाय धड आहेत. लोकांनाही ते दिसतं. पण माझ्या तोंडाकडे बघून कोणी वाद घालत नाही.

तुझ्या बापाची नरखेडकडे बाग होती आणि माझा बाप तिची राखण करायचा. तू शिकून वकील झालास. मी या मार्केटात टोपल्या उचलता उचलता आडत्या झालो. पुढे लोकांनी तुला दिल्लीला पाठवलं, तेही विरोधी बाकावर. काय बोलायचास तू! कधी गिरणीवर, कधी विणकरांच्या लुगड्यांवर, कधी विडीवाल्या बायांवर. आणि बहार आला की संत्र्यांवर. मालगाडीचे डबे वेळेवर मिळत नसत, मिळाले तर चहूबाजूंनी बंद. दिल्ली-कलकत्त्याला पोचेपर्यंत पेटीतल्या तणसात नुसता रबडा व्हायचा. आम्हाला हवा खेळेल असे जाळीचे डबे हवे होते. तू भाषण करायचास, पेपरात यायचं, बाजारात पेढे वाटले जायचे. डबे मात्र येत नसत. विरोधी माणसाच्या मागणीवर दिले तर मिरवणार तोच, एवढं गणित तिथल्यांनाही येत होतं.

एका दुपारी तू माझे सौदे बघत बसला होतास. मी आणि गिऱ्हाइकानं माझ्या खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली हात घातले, बोटं दाबून भाव ठरवला आणि हात बाहेर काढले. भोवती माणसांची गर्दी, पण कोणाला काही कळलं नाही. तू एकदम म्हणालास,

"महादू, इथं तं कोणीच ओरडत नाही."

"ओरडला का सौदा फिसकटते," मी म्हटलं.

"अन् मी इतके वर्ष दिल्लीत काय करून राहिलो?"

"ओरडून राहिला."

तू हसलास. पण मला तुझं हसणं ऐकून कळतं. ते हसण्यातलं हसणं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात तू सदाशिवरावांना माझ्या आडतीत घेऊन आलास. शेजारच्या मतदारसंघातले खासदार, सरकार पक्षाचे, तुझे सभेतले वैरी. दोघं माझ्या मागच्या खोलीत बसलात आणि हळू बोललात. हळू बोललं तरी मला ऐकू येतं हे तुला माहीत होतं, त्यांना नव्हतं. मागणी तू लिहून द्यायची. मांडायची त्यांनी, नाव त्यांचं. त्या दिवशी सभागृहात तू तोंड उघडायचं नाही आणि नंतरही कोणाला सांगायचं नाही. मग तू बाहेर येऊन माझ्या खांद्यावरचा दुपट्टा मागितलास. त्याच्याखाली तुम्ही दोघांनी हात मिळवले. दुपट्टा माझा, म्हणून मीही बांधला गेलो. जे दुपट्ट्याखाली ठरलं ते सौदा करणाऱ्यानं सोडल्याशिवाय तिसऱ्यानं बोलायचं नाही, हा बाजाराचा नेम मी तुला काय सांगणार? तूच तो मला पाळायला लावलास.

आणि नेमके मागणी मांडायच्या दिवशीच बाजारातले आम्ही पाच-सहा जण लोकसभेच्या गॅलरीत येऊन बसलो. तू बोलणार म्हणून लोक हौसेनं आले होते, मी कोणत्या तोंडानं अडवू? सदाशिवराव उठले, कागद वाचला. मंत्र्यानं तुझ्याकडे बघून टोमणा मारला, विदर्भाचा आवाज आज बसला वाटतं? सगळे हसले. आमचा मुकादम सुखदेव माझ्या कानाशी म्हणाला, "उठ्ठे काहून नाही हा?" मी वरून बघत होतो. तू तुझा दुपट्टा मांडीवर पसरला होतास आणि दोन्ही हात त्याच्याखाली होते. ते मला एकट्याला कळलं. त्या गॅलरीत इतका एकटा मी कधी बसलो नसेन.

डबे आले. पहिली गाडी सुटली त्या दिवशी स्टेशनवर सदाशिवरावांच्या गळ्यात हार. तू मागे, पेट्यांच्या थप्पीजवळ. सुखदेवनं सगळ्यांसमोर विचारलं,

"काहून गा भाऊ, जीभ दिल्लीत इसरून आले का?"

"हो ना," तू म्हणालास, "सामान लय झालं होतं."

लोक हसले, तूही हसलास. पुढच्या निवडणुकीत ह्याच बाजारानं तुला पाडलं. ज्यांचा सगळा धंदा दुपट्ट्याखाली चालतो, त्यांनी तुला गप्प बसलास म्हणून पाडलं! ह्यावर आपण दोघं किती वेळा हसलो असू. पण तू गेल्यावर एकट्यानं हसून बघितलं, जमलं नाही.

आता कालचं.

सभा मार्केटातल्या टिनाच्या छपराखाली होती. पुढे वहिनी बसल्या होत्या. सदाशिवरावही आले होते. आता राजकारणातून उठलेत, काठी लागते. सुखदेव बोलायला उभा राहिला. मनात वाईट नाही त्याच्या, पण जीभ तीच. म्हणाला, "भाऊ मोठा माणूस. सुखादुखात धावून येणारा. पण आपल्या संत्र्यासाठी त्याची जीभ हालली नाही, हे मी माह्या डोयानं पाह्यलं. मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण खरं ते खरं."

वहिनींनी पदर ओठांवर दाबला. मग सगळे माझ्याकडे वळले. महादेवराव, तुमी बोला.

मी काय बोलू? खरं सांगितलं तर तुला दिलेला शब्द मोडतो, आणि गप्प राहिलो तर वहिनी ते शल्य घेऊन घरी जाणार. मी उठलो आणि सदाशिवरावांपाशी गेलो. त्यांच्या हातावर माझा दुपट्टा टाकला आणि खाली माझा हात घातला. गुणवंता, सगळं मार्केट चिडीचूप. दुपट्टा पडला की इथे शिंकसुद्धा कोणी देत नाही. मी बोट दाबलं नाही, नुसता तळहात उघडा धरला. आपल्याकडे त्याचा अर्थ एकच होतो, आता तुम्ही बोला.

त्यांनी माझी बोटं एकदा घट्ट धरली. मग त्यांनी माझी बोटं सोडली आणि काठी टेकत उभे राहिले.

"सुखदेव, तो कागद मी वाचला. लिहिला गुणवंतरावनं. त्यायनं बोलू नये ही अट माही होती. डबे त्यायनं आणले. हार मले पडले."

एवढंच बोलून ते बसले.  सुखदेव तुझ्या फोटोपुढे गेला आणि टोपी काढली. "भाऊ, एकदा सांगाचं तरी होतं गा," म्हणाला.

सभा उठल्यावर वहिनी माझ्याजवळ आल्या. "भाऊजी, मले काहून नाही सांगतलं त्यायनं?"

"वहिनी, दुपट्ट्याखालचं घरी नेत नाही," मी म्हटलं.

"मंग घरच्या माणसानं कोणाले विचाराव? बाया हळदीकुंकवात बोलल्या, मी ऐकून घेतलं. घरी येऊन ह्यायले चहा देल्ला."

ह्याचं उत्तर तू द्यायला हवं होतंस. तुझ्यापाशी होतं का? मला बाजार कळतो आणि तुला दिल्ली कळायची, पण चहाचा कप पुढे ठेवताना वहिनींचा चेहरा तुला दिसला नाही का रे? एवढी एक गोष्ट तू चुकलास. भांडायला तू समोर पाहिजे होतास.

सगळे म्हणतात, महादेवराव, छातीवरचा दगड उतरला असेल. उतरला. पण खरं सांगू? तू गेल्यापासून तोच माझ्या सोबतीला होता. दुपारी आडतीत बसलो की वाटायचं, एक गोष्ट अशी आहे जी ह्या बाजारात फक्त ह्या खुर्चीला आणि मला माहीत आहे. आज सकाळी चहावाल्यानं ती मलाच सांगितली, तिखटमीठ लावून. मी ऐकून घेतली आणि म्हटलं, "अस्सं?"

पुढच्या बहारापासून मार्केटात दुपट्टा बंद होणार, उघडा लिलाव. नवीन पोरांना तेच हवं आहे, आणि त्यांचं बरोबर आहे. मला ओरडायची सवय नाही, तुला ठाऊक आहे. पण वचन देतो, पहिल्या दिवशी पहिली बोली मी लावणार. स्टेशनावरच्या गाडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. त्या दिवशी लोकसभेत तू गिळलेला आवाज कुठेतरी निघायला पाहिजे ना? माझ्या गळ्यातून निघू दे. आणि वहिनींना त्या दिवशी तुझ्या खुर्चीवर बसवीन. त्यांना सांगीन, पाय मोडका नाही.

तुझी खुर्ची राखणारा,
महादू