शांताच्या नोकरीचा नियम

१२ जानेवारी १९७४, सोलापूर

गड्ड्याच्या जत्रेची गर्दी सुरू झाली. गावोगावचे लोक भेटून गेले, दुपारपर्यंत ओसरी भरलेली. जेवताना हिनं हळूच सांगितलं, शांताला वळसंगच्या शिवानंदनं लग्नाचं विचारलंय. पाणीपुरवठ्यात ओव्हरसियर आहे, बायको बाळंतपणात गेली. शांता नाही म्हणाली.

"का?"

"लगीन केलं की नोकरी जाती म्हनं. तसा नियम हाय."

आमचा मुलगा मल्लू जाऊन दोन वर्षं होतील. त्याच्याच जागेवर त्याच्या सरकारी मंडळानं शांताला, आमच्या सुनेला, क्लार्क म्हणून घेतलं. सात रस्त्याजवळच्या हापिसात रोज चालत जाते. तो गेला तेव्हा त्यांची गौरी पाळण्यात होती.

शांता नाही म्हणाली हे ऐकून मला बरं वाटलं. एक भाकरी जास्त खाल्ली. हिच्या लक्षात आलं असावं.

६ फेब्रुवारी, मुंबई

आज उपविधान समितीची बैठक. आमदार झालो तेव्हा 'तुम्ही मास्तर माणूस' म्हणून मला या समितीत टाकलं. आपणहून कुणी मागत नाही. सभागृह कायदा करतं, खाती त्याखाली नियम करतात. कायद्यात नाही ते नियमात घुसवलं असेल तर आम्ही पकडायचं. पोरांच्या वह्या तपासल्यासारखंच काम. आवडतं मला.

आजच्या गठ्ठ्यात शांताच्या मंडळाचे नियम. 'विधवेने पुनर्विवाह केल्यास तिची नेमणूक संपुष्टात येईल.' कायदा काढून दोनदा वाचला. मयत कर्मचाऱ्याच्या घरच्याला नोकरीत प्राधान्य, एवढंच आहे. लग्नाबद्दल अक्षर नाही.

लाल पेन्सिल हातात होती. खूण केली नाही. शेजारच्यांनी विचारलं, काही सापडलं का? नाही म्हणालो.

गौरी माझ्या ताटात जेवते. ती दुसऱ्या घरी...

१० फेब्रुवारी, सोलापूर

शेंगापोळ्या केल्या होत्या. गौरीनं माझ्या धोतराला हात पुसले, शांता रागावली, मग हसली. लई दिवसांनी हसताना पाहिली. मल्लू असताना सारखी हसायची, हे विसरलोच होतो.

सकाळी पूजेआधी हिला सगळं सांगितलं. नियम कायद्याच्या बाहेर आहे, मला दिसलं आणि मी गप्प बसलो. ही फुलं निवडत होती. वर न बघता म्हणाली,

"तिला ठिवून घ्यायला नियम लागतो व्हय तुमाला? मायेनं राहिली तर राहू दे की."

नंतर डोळे पुसले. मल्लूची आई आहे ती. माझ्यापेक्षा तिचं जास्त जाणार आहे.

२१ फेब्रुवारी, मुंबई

समितीच्या अध्यक्षांच्या खोलीत गेलो. वयस्क गृहस्थ, तिकडचे वऱ्हाडचे. म्हटलं, साहेब, मंडळाच्या नियमांत एक गोष्ट आहे. गेल्या खेपेला बोललो नाही, कारण ती माझ्या घरची आहे. सून, नातू असं सगळं सांगितलं (नात म्हणायचं ते नातू म्हणालो, इतका गडबडलो).

त्यांनी चहा पुढं सरकवला. "मुद्दा लिहून द्या. चर्चेच्या दिवशी बाहेर बसा. घरचं आहे म्हणून बोलू नये, तसं घरचं आहे म्हणून दडवूही नये."

पेन्सिलीची खूण केली.

१५ मार्च, मुंबई

खात्याच्या सचिवांची साक्ष. मी बाहेर बाकावर, पट्टेवाल्याशेजारी. त्यानं विचारलं, साहेब आज बाहेर कसे? म्हटलं, आज आमच्या घरचा निकाल आहे.

आत काय झालं ते समितीतल्या बाईंनी नंतर सांगितलं. सचिव म्हणाले, हा नियम दुसऱ्या एका मंडळाच्या जुन्या नियमांवरून उतरवून घेतला. कुणी मुद्दाम विचार करून घातलेला नाही. बाईंनी विचारलं, लग्न केल्यावर बाईला टंकलेखन येईनासं होतं का?

कुणी विचारच केला नव्हता. आणि आमची शांता त्या एका ओळीवर आयुष्य ठरवून बसली होती.

१९ एप्रिल, सोलापूर

अहवाल सभागृहापुढं ठेवला गेला. नियम कायद्याबाहेरचा आहे, वगळावा, अशी शिफारस. खातं म्हणतं, विचार करू. राजपत्रात दुरुस्ती येईल तेव्हा खरं.

उन्हं उतरल्यावर शांता गच्चीवर वाळवण गोळा करत होती. तिला सांगितलं. तिनं पापडाची चवड खाली ठेवली.

"मामा, मी जावं असं वाटतं का तुम्हाला?"

"नाही गं. तुला जाता यावं, एवढंच."

ती रडली. मला काय करावं कळेना, राहिलेले पापड मीच उचलले. बरेच मोडले.

२७ जून, सोलापूर

राजपत्रात काही नाही. खात्याला दोनदा स्मरणपत्र गेलं. मसुदा कायदेवाल्यांकडे आहे म्हणतात. शिवानंद येऊन गेला. हिच्याशी कानडीत बोलत बसला, माझ्याशी बोलताना घाबरला. गौरीनं त्याचं घड्याळ मागितलं, त्यानं काढून दिलं. भला वाटला. भला वाटला याचाच जरा राग आला.

शांता त्याला म्हणाली, थांबता येईल? तो म्हणाला, थांबतो की.

१४ जुलै, सोलापूर

सकाळच्या गाडीनं ही आणि शांता वळसंगला गेल्या, शिवानंदच्या आईला भेटायला. नुसतं भेटायला, असं शांता तीनदा म्हणाली. राजपत्र अजून नाही. आलं तरी ती काय ठरवील, तिचं तिला ठाऊक. मी विचारणार नाही.

घरात मी आणि गौरी. दोन वेण्या घालायचा प्रयत्न केला, एक वर एक खाली झाली. तिला आरशात लई आवडल्या.

"आजोबा, आई कुटं गेली?"

"वळसंगला."

"तितं काय हाय?"

म्हटलं, एक आजी आहे. बैल आहेत, विहीर आहे. मग तिला बैल कसे हंबरतात ते करून दाखवलं. पुन्हा कर म्हणाली. पुन्हा केलं.