तुझं पोट मला दे

२ तारीख
आजपासून मुक्काम ताईकडे. ताई म्हणजे माझी मावसबहीण. घरीच शिवणकाम करते. पुढच्या खोलीत मशीन, कापडं, खडू, बटणांचे डबे. मागची उजेडाची खोली मला. दारातच तिनं बजावलं, इथे कपाटाला कुलूप नाही आणि लपवाछपवीही नाही. बिस्किटं हवीत तर बशीत घ्यायची आणि बसून खायची, चिमणे. चिमणी म्हणे! उभ्या उभ्या अख्खा पाव संपवणारी मी. पण हसू आलं, खूप दिवसांनी.

५ तारीख
माझ्या खा-खा सुटण्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंनी उपाय सांगितला. शांतपणे जेवणाऱ्या माणसासमोर बसायचं. त्यानं चमचा खाली ठेवला की आपणही ठेवायचा आणि आपल्या पोटाला विचारायचं, अजून हवंय का. ताई लगेच तयार झाली. म्हणाली, एवढं बघायचंच असेल तर तिकीट लावीन.
पण तिचं जेवण मला बघवत नाही. अर्धा केक खाते, उरलेला झाकून ठेवते आणि विसरते. चक्क विसरते. मला तो भिंतीपलीकडून हाका मारत असतो. हिलाच हे कसं फुकटात मिळालं?

९ तारीख
पोटाला विचारणं सोडलं. माझं पोट खोटारडं आहे. मी फक्त ताईकडे बघते. ती घास उचलते, मी उचलते. ती थांबते, मी थांबते. मनात एकच: तुझं पोट मला दे.

१४ तारीख
जमलं! पाव अर्धा झाला आणि हात आपोआप थांबला. दुपारी केक समोर होता, तो मी विसरले. आनंदानं रडले. केक ताईनं संपवला. बोटं चाटत म्हणाली, हल्ली शिवताना फार भूक लागते बाई.

१८ तारीख
ताई उभ्यानं खाते. ओट्याशी, पाठमोरी. मी आत गेले की घाईनं तोंड पुसते. ते पुसणं माझं आहे.
डॉक्टरबाईंना सांगायला हवं. पण सांगितलं आणि माझं मिळालेलं गेलं तर?

२१ तारीख
कपाटं रिकामी. मी चमचा ठेवला की ताई माझ्याकडे बघत राहते. मी तिच्याकडे बघायचे, अगदी तशी.

२२ तारीख
शिवताना ती टाचण्या ओठांत धरते. आज कपडे न्यायला आलेल्या बाईंनी विचारलं, टाचण्या गेल्या कुठे. ताई ओठ मिटून हसली.
बटणांचे डबे हलके लागले. खडू तर —

२३ तारीख
ठरलं. भूक माझी आहे, मीच सांभाळीन. आज परत घेणार.

दुपार
टेबलाशीच लिहितेय. भात वाढला, डोळे मिटले, तिच्याकडे बघितलंच नाही. पोटाला विचारलं. भूक लागली. माझीच, जुनी. पुन्हा विचारलं, अजून हवंय का. थोडंसं, म्हणालं. खरं बोललं. तेवढंच खाल्लं.
ताईला म्हटलं, सुटलीस तू.
ती उठत नाही. मी पेन उचललं की ती रिकामा चमचा उचलते. मी ठेवलं की ठेवते. दातांत टाचण्या चमकतात. म्हणते, चिमणे, तुझं तुलाच कळतं, किती छान — मला दे ना —
बघू नकोस म्हटलं. बघतेच आहे —
पोटाला विचारलं, आता काय करू.
उत्तर आलं. समोरून, तिच्या तोंडातू—